धुरपदामायनं उतरवलेली माती

ऐका. ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा डोंगरपठारावरच्या पाथरवळ गावात एकाही घराला उतरतं छप्पर नव्हतं. त्याला किती वर्षं झाली ते कुणाला धड सांगता येत नाही. कुणी सात पिढ्या म्हणतं, कुणी नऊ. ओढ्याकाठच्या जुन्या चिंचेला विचारावं, तर तीही नंतरची.

पाथरवळ कोरडवाहू गाव. पाऊस यायचा तोही चुकल्यासारखा, आणि आला तसा निघून जायचा. म्हणून घरांना माळवदं होती. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यांत वर चोपण मातीचा थर. ही चोपण माती पांढरट, खारी. तिच्यात गवताची काडी उगवत नाही, म्हणून शेतात ती निघाली की शेतकरी कपाळाला हात लावतो. पण तिचा एक गुण आहे. पाणी पडलं की ती फुगते आणि आपल्या अंगानंच पाण्याची वाट बुजवते. देवानं ती पिकासाठी नाही केली, घरासाठी केली, असं म्हणतात.

दर वैशाखात लोक माळवदावर मातीचा नवा थर द्यायचे. पावसात कुठं गळलंच, तर आणखी दोन पाट्या टाकायचे. आजा टाकायचा, बाप टाकायचा, मुलगा टाकायचा. टाकलेली माती काढायची असते, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माती म्हणजे पांघरूण, आणि थंडी वाजली की माणूस पांघरूण वाढवतो, कमी करत नाही.

या गावात येसाजी नावाच्या कुणब्याच्या घरी धुरपदा लग्न होऊन आली. अंगानं इतकी बारीक, की सासू चारचौघींत म्हणायची, "सून आणली का सुतळी?" पण म्हणताना हसायची, आणि जेवताना सुनेच्या ताटात लोण्याचा गोळा जास्तीचा टाकायची. घर लहान होतं, तीन खणांचं. माणसं तीनच, आणि तिघांचं एकमेकांशी बरं होतं.

चौथ्या वर्षी भादव्यात झड लागली. तिसऱ्या दिवशी मधल्या खणात पाणी टपकायला लागलं. येसाजी म्हणाला, "तीन पाट्या माती टाकतो वर. सकाळपर्यंत थांबंल."

धुरपदानं गोठ्यातली कोरडी माती पाट्यांत भरली. डोक्यावर घेऊन शिडी चढली. तीन खेपा केल्या. येसाजीनं ती माती पसरली, पायांनी दाबली. दोघं चिंब होऊन खाली आले. गळणं कमी झालं. सासू म्हणाली, "बरं झालं माय, आता घोर मिटला."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा थेंब सुरू झाले. धुरपदानं खाली पातेलं ठेवलं. ते भरलं तसं ते ओतायला ती दाराबाहेर गेली. पाणी ओतलं. आणि मागं आवाज झाला. तो विजेचा नव्हता. एखाद्या मोठ्या जनावरानं बसकण मारावी तसा दबका, जड आवाज. ती वळली तेव्हा दाराची चौकट उभी होती, आणि चौकटीच्या आत घर नव्हतं.

गाव धावलं. पावसात खोरी चालली. येसाजी आणि सासू दोघंही निघाले, पण जिवंत कुणी निघालं नाही.

तेरा दिवस धुरपदा त्या ढिगाऱ्यासमोर बसून होती. तिला कुणी रडताना पाहिलं नाही. मागची भिंत तेवढी उभी होती, आणि भिंतीला माळवदाचा एक तुकडा चिकटून राहिला होता. तुटलेल्या कडेवर थर दिसत होते. एक पांढरा, एक काळपट, पुन्हा एक पांढरा. धुरपदा ते थर बोटानं मोजत होती. आजेसासऱ्याचे, सासऱ्याचे, येसाजीचे. एकूण त्रेचाळीस भरले. दीड हात जाडीची माती, आणि त्यावर चार दिवसांचं पाणी प्यायलेली. सगळ्यांत वर तीन पाट्यांचा ओला, ताजा थर. तो तिनं मोजला नाही. त्याला हातही लावला नाही.

चौदाव्या दिवशी ती उठली. असं म्हणतात, त्या दिवसापासून तिच्या कानांना माळवदाची भाषा कळायला लागली.

ती कुणाच्याही घरासमोर थांबायची आणि म्हणायची, "तुमच्या माळवदावर माती लई झाली. काढू द्या." लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. आपलं घर पडलं म्हणून दुसऱ्याचं उघडं करायला निघाली. शिवाय ती विधवा. विधवेचा पाय डोक्यावरच्या माळवदाला लागू द्यायचा? बायका दारं लावून घ्यायच्या. ती दुसऱ्या दारी जायची.

शेवटी तिला हो म्हणाली ती गिरजा कोष्टीण. गिरजाही एकटीच होती. तिचा माग नेमका गळतीखाली होता. लुगड्याच्या ताण्यावर पाणी पडून सूत कुजत होतं, आणि माळवदावर चढायला तिच्या घरी कुणी नव्हतं. गिरजा तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "कर बाई काय करायचं ते. पडलं तर दोघी मिळून मरू. न्हाईतरी माझी वाट बघतंय कोण?"

"पडणार न्हाई," धुरपदा म्हणाली. "मी आहे ना वर."

आठ दिवस ती एकटी माती उतरवत होती. पार पाल्यापर्यंत गेली. कुजलेला पाला काढला, फळ्या उन्हात वाळवल्या, वाळवीनं खाल्लेल्या दोन बदलल्या. इकडे खड्ड्यात चोपण माती, भुस्सा आणि गाढवाची लीद सात दिवस भिजत घातली होती. ती पायांनी तुडवून लोण्यासारखी केली. मग नवा पाला, त्यावर तो चिखल, आणि वर चाळलेल्या कोरड्या चोपणाचा थर. सगळं मिळून वीतभर, त्याहून जास्त नाही. पन्हाळीकडे इतका हलका उतार दिला, की डोळ्याला दिसू नये. मग तिनं तांब्याभर पाणी वर ओतलं आणि उकिडवी बसून पाहत राहिली. पाणी हळूहळू चालत गेलं आणि पन्हाळीतून खाली पडलं. वाटेत कुठं थांबलं नाही.

"पाण्याला घाई करू देऊ नये," ती गिरजाला म्हणाली, "आन् मुक्कामही करू देऊ नये."

त्या पावसाळ्यात गिरजाच्या मागावर एक थेंब पडला नाही. गिरजानं गावभर सांगितलं. त्यासाठी तिला दारोदार जायला लागलं नाही, तिचा नुसता आवाज चार गल्ल्या जायचा. पुढच्या वैशाखात धुरपदाला पाच घरांनी बोलावलं. त्याच्या पुढच्या वर्षी पंधरा.

तिच्या कामाच्या गोष्टी होत गेल्या. ती घरात शिरली की आधी खांबाला कान लावायची. डोळे मिटायची. मग सांगायची, पाणी कुठल्या खणात आहे, किती दिवसांचं आहे, आणि कुठल्या तुळईला त्याचं दुखतंय. असं म्हणतात, थेंब फळीतून सुटायच्या आधी ती त्याच्याखाली भांडं ठेवायची. असंही म्हणतात, की एकदा तिनं चालता चालता एका घराचा उंबरा ओलांडला, पाळण्यातलं बाळ उचललं आणि काही न बोलता बाहेर आणून आईच्या मांडीवर ठेवलं. आई भांडायला तोंड उघडते तोवर आत पाळण्यावर तुळई पडली.

लोक तिला माय म्हणायला लागले. तिचं वय तेव्हा तिशीचंही नव्हतं.

असं करत बारा वर्षं गेली. गावातली निम्मी माळवदं हलकी झाली. राहिला तो मठ.

मठ गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या टेकाडावर होता. भिंती दगडी, पुरुषभर रुंद. आत अठरा खण, मधोमध महादेवाची पिंड, आणि गावातलं सगळ्यांत मोठं माळवद. दर अक्षय तृतीयेला घराघरातून एक पाटी चोपण माती वाजतगाजत मठावर जायची. ज्याला मूल झालं तो दोन पाट्या टाकायचा. ज्याचा नवस फिटला तो पाच. कित्येक पिढ्यांची ही रीत. बाहेरून पाहिलं तर मठाच्या डोक्यावर माती नुसती फुगून आलेली दिसायची.

मठाचे पुजारी होते वीरभद्र अय्या. सत्तरीचे, शांत, कुणावर आवाज न चढवणारे. धुरपदा त्यांच्याकडे एकदा गेली होती.

"अय्या, मठावरची माती उतरवू द्या."

अय्या म्हणाले, "ती माती न्हाई, माय. गावानं जोडलेले हात आहेत ते. जोडलेले हात सोडवायचे कसे?"

"ओझं होतंय, अय्या."

"देवाला कसलं ओझं?"

"देवाला न्हाई. खांबाला."

अय्या हसले. त्यांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. ती पाया पडून परत आली. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्याचं तिला पुढं फार वाईट वाटलं.

मग ते वर्ष आलं. तशी झड पाथरवळनं आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. आभाळ खाली येऊन माळवदांना टेकलं, असं म्हणतात. चार दिवस, पाच दिवस, सूर्य नाही. सहाव्या दिवशी ज्या घरांची माती उतरवलेली नव्हती ती एकेक करून बसायला लागली. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. गावचे माणकोजी पाटील घोंगडी पांघरून दारोदार फिरले आणि म्हणाले, "मठात चला. त्याच्या भिंती डोंगरासारख्या आहेत." पाटील माणूस चांगला होता. स्वतःचं घर शाबूत असताना तो बायकामुलांना घेऊन मठात गेला, कारण लोक त्याच्याकडे बघून चालायचे.

शंभरावर माणसं मठात जमली. तान्ही पोरं, म्हातारी माणसं, दिवस भरत आलेल्या दोन बाया. धान्याची पोती आणली, शेरडं आणली.

धुरपदा आणि गिरजा गिरजाच्या घरात कोरड्या बसल्या होत्या. सातव्या दिवशी सकाळी धुरपदा एकदम उठली. कणगीत साठवलेली चाळलेली कोरडी चोपण माती तिनं ओटीत भरून घेतली, पदर खोचला आणि वर घोंगडी घेतली.

"कुठं निघालीस?" गिरजा म्हणाली.

"मठ बोलवतोय."

ओढा तेव्हा मांड्यांपर्यंत आला होता. दोघी हात धरून पार झाल्या. त्या पलीकडे पोचल्या आणि मागं पाण्याचा लोंढा आला. ओढा दोन पुरुष चढला. आता टेकाडावरून गावात जायची वाट उरली नव्हती, आणि गावातून टेकाडावर यायचीही.

मठात मधल्या खणात पाणी गळत होतं. बारीक, एकसारखं. पाटलांनी आठ गडी कामाला लावले होते. पडवीतली माती पाट्यांत भरून चाललेली, शिडी लावलेली, पहिला गडी पहिल्या पायरीवर चढलेला.

धुरपदा थेट मधल्या खांबाजवळ गेली आणि तिनं कान लावला.   बराच वेळ तिनं कान काढला नाही. मग ती वळली आणि शिडीजवळ जाऊन तिनं त्या गड्याचा पाय धरला.

"खाली उतर, दादा. वर माती न्यायची न्हाई. वरची खाली आणायची आहे. सगळी. आत्ताच."

पाटील पुढं आले. "धुरपदाबाई, तुमचा मान आहे गावात. पण डोक्यावर पाऊस धो धो पडतोय. खाली लेकरं आहेत. आणि छत उघडं करायचं म्हणता? सगळे भिजतील."

"भिजलेली माणसं वाळतात, पाटील."

"आन् देवाची माती खोऱ्यानं ओढायची? गाव पिढ्यान् पिढ्या ती—"

"पिढ्यान् पिढ्या मी मोजल्यात," धुरपदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कोपऱ्यापर्यंत पोचला. "माझ्या घरावर त्रेचाळीस थर होते. तुम्ही सगळ्यांनी ते उपसले. तुम्हांला वाटलं, झडीनं घर पडलं. मलाही तसंच म्हणू दिलं तुम्ही." ती थांबली. बारा वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, गिरजालाही नाही. "आदल्या दिवशी गळत होतं. तीन पाट्या माती वर गेली. त्या तिन्ही पाट्या मी वाहिल्या. या डोक्यावरून. माझ्या माणसाच्या अंगावर सगळ्यांत आधी जी माती पडली, ती मी नेलेली होती. सासू मला म्हणाली होती, बरं झालं माय. ते अजून ऐकू येतंय मला. आता तुम्ही पाटी उचलताय, आणि मी गप्प बसू?"

 शिडीवरचा गडी कधी खाली उतरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

गिरजा भिंतीजवळ उभी होती. तिनं नाकातलं पाणी पदरानं पुसलं, कोपऱ्यातलं खोरं उचललं आणि म्हणाली, "मी चढते. कुठनं ओढू, सांग."

पण लोक अय्यांकडे बघत होते. अय्या पिंडीजवळ बसले होते. ते उठले. गुडघे धरून उठले. शिडीजवळ आले आणि धुरपदासमोर त्यांनी हात जोडले.

"माय, तू आली होतीस, तेव्हा मी तुला खडीसाखर देऊन परत धाडलं. माझं चुकलं. पहिलं खोरं मी ओढतो. पाप लागणार असंल तर आधी मला लागू दे."

"तुम्ही जड आहात, अय्या," धुरपदा म्हणाली. आणि त्या अवस्थेतही चारदोन माणसं हसली. "वर जड माणूस नको. बाया येऊ द्या. बारक्या अंगाच्या. तुम्ही खाली सगळ्यांना भिंतीच्या कडेला न्या. मधे कुणी थांबायचं न्हाई."

अशा अठरा बाया वर चढल्या. अनवाणी. धुरपदानं त्यांना भिंतींच्या माथ्यावर कडेकडेनं उभं केलं आणि बजावलं, पाय भिंतीवरच ठेवायचा, मधे टाकायचा नाही. लांब दांड्याच्या खोऱ्यांनी त्यांनी माती आपल्याकडे ओढायची आणि बाहेर ढकलायची. मधल्या भागात गेली ती फक्त धुरपदा. रांगत, पोटावर सरकत, हातांनी माती मोकळी करत. सासूनं जिला सुतळी म्हटलं होतं, तिचं वजन त्या दिवशी मठाला झेपलं.

वरची माती बाहेर पडत होती, आणि आत पाणी येत होतं. आधी धार, मग धारा. माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पोरांना पोटाशी धरलं. चुली विझल्या. महादेवाच्या पिंडीवर चारी बाजूंनी पाणी कोसळायला लागलं, तेव्हा एक म्हातारी रडायला लागली, देव भिजला म्हणून. अय्या तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "रडू नको, आजी. पन्नास वर्षं मी तांब्या तांब्यानं घालत होतो. खरा अभिषेक आज झाला."

दोनदा तुळई कुरकुरली. दोन्ही वेळा धुरपदा माळवदावर आडवी झाली, फळीला तोंड लावलं आणि काहीतरी बोलली. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. गिरजा म्हणायची, तिनं तुळईला 'आत्त्या' म्हटलं. सासूला ती तशीच हाक मारायची.

दिवेलागणीच्या आधी माती सगळी उतरली. मठाभोवती तिची कंबरभर उंच गढी झाली होती. फळ्या उघड्या पडल्या, त्यांवर कुठं कुठं जुना काळा पाला. पाऊस थांबला नव्हता. आता धुरपदानं ओटी सोडली. आत मूठ-दोन मूठ कोरडी चोपण होती, फार तर ओंजळभर. घोंगडीखाली पोटाशी जपून ठेवलेली. ती मूठ भरायची आणि फळ्यांच्या फटींवर पेरणी करावी तशी फेकायची. पडली तशी ती फुगायची आणि फट मिटायची. एका खणावर टाकली, दुसऱ्यावर टाकली. अठरा खण झाले, तरी ओटी रिकामी झाली नाही, असं म्हणतात. खाली धारा बारीक होत गेल्या. मग थेंब राहिले. मग तेही थांबले.

त्याच वेळी खाली त्या दोन बायांपैकी एकीला कळा लागल्या आणि मुलगी झाली. ओल्या मठातला एकच कोरडा कोपरा तिला मिळाला.

दोन दिवसांनी झड उघडली आणि ओढा उतरला. गड्यांनी मधली तुळई तपासायला काढली. ती खाली घेताना त्यांना हलकी लागली. कुऱ्हाडीचा एकच घाव घातला तर ती भाजलेल्या पापडासारखी फुटली. आतून वाळवीनं पोखरून पार पोकळ केली होती, बाहेरचं साल तेवढं शिल्लक. सुतारानं हात जोडले. म्हणाला, या तुळईनं स्वतःचंही वजन पेललं नसतं. मग माती उतरेपर्यंत ती कशावर उभी होती? तर धुरपदामायच्या शब्दावर, असं म्हणतात.

धुरपदा तिथंच बसली होती. तिनं तो पोकळ लाकडाचा तुकडा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. तिच्या घराच्या तुळया अशा फोडून कुणी पाहिल्या नव्हत्या. आणि मग, येसाजी गेल्यापासून पहिल्यांदा, ती रडली. मोठ्यानं, पोरीसारखी. गिरजा तिच्याजवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढं धुरपदा पुष्कळ जगली. एक गाढव पाळलं, त्याच्या पाठीवर चोपणाची गोणी टाकून आसपासच्या तीस गावांत फिरली. कामाचं कुणी काय दिलं ते घेतलं, नाही दिलं तर मागितलं नाही. तिच्या हाताखाली अठराच्या अठरा बाया तयार झाल्या आणि त्यांच्या लेकी झाल्या. मठात जन्मलेल्या मुलीचं नावही धुरपदाच ठेवलं होतं, आणि ती दणकट निघाली, सुतळी नाही.

माय गेली ती वैशाखातल्या एका दुपारी, गिरजाच्या ओसरीवर. तिनं प्यायला पाणी मागितलं. गिरजा तांब्या घेऊन आली तोवर डोळे मिटले होते. त्या वर्षी दुःखात गावानं माळवदांना हात लावला नाही. कामाचे दिवस निघून गेले. मिरगाच्या आदल्या दिवशी लोकांना जाग आली आणि ते घाईघाईनं वर चढले. तर प्रत्येक माळवदावर जुनी माती उतरवलेली, नवी चोपण सारवलेली, पन्हाळी साफ. आणि ओलसर मातीत अनवाणी पावलांचे ठसे. लहान, बारीक पायांचे. असं म्हणतात, त्या वर्षी पाथरवळात एकही घर गळलं नाही.

आता पाथरवळात माळवदं चार-दोन राहिलीत. घरं सिमेंटची झाली, वर स्लॅब पडले, स्लॅबवर डांबरी कापड नाहीतर पांढरा रंग लावतात. पण वैशाखातला तो दिवस गाव अजून पाळतं. धुरपदामायचा दिवस. त्या दिवशी पहाटे सगळी माणसं मठाच्या पायरीशी जमतात. नारळ नाही, गुलाल नाही. गावातली सगळ्यांत वयस्कर बाई विचारते, "कुणाचं घर गळतं?" आणि ज्याचं गळतं त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं असतं. झाकायचं नसतं. मग सगळं गाव आधी त्या घरावर चढतं जिथं चढायला कुणी नाही, मग बाकीच्यांवर. बाया आधी चढतात, अनवाणी. पुरुष खालून पाट्या देतात.

तीन वर्षांपूर्वी साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी गावात बंगला बांधला. दोन मजली, गच्चीवर चकचकीत फरशी. पहिल्या वर्षी ते धुरपदामायच्या दिवशी आले, मागं उभे राहिले आणि परत गेले. दुसऱ्या वर्षीही तसंच. गेल्या वैशाखात म्हातारीनं विचारलं, "कुणाचं घर गळतं?" दोघं-तिघं बोलले.  म्हातारी उठणार तेवढ्यात साहेबांनी घसा खाकरला. ते मान खाली घालून म्हणाले, "माझ्या बेडरूमचा कोपरा गळतो. दोन वर्षं झाली. आम्ही कपाट सरकवून लपवलंय."

कुणी हसलं नाही.

"मग आधी सांगायचं की, बाबा," म्हातारी म्हणाली. तिनं चपला काढल्या, आणि तिच्यामागं सगळ्या बायांनी काढल्या.